माहेरचे नाव जाधव

आमच्या नळदुर्गच्या खंडोबाला घरे दोन. वर्षातले सव्वादहा महिने तो शेजारच्या अणदुरास राहतो आणि पावणेदोन महिने नळदुर्गास. पौषी पौर्णिमेला मैलारपूरच्या देवळापाशी यात्रा भरते, वाघ्या-मुरळी जमतात, भंडाऱ्याने माणसे ओळखू येईनाशी होतात. आणि देव इकडून तिकडे न्यावयाचा म्हणजे काही गंमत नव्हे. दोन्ही गावची मानकरी मंडळी एकत्र बसतात, लेखी करार होतो आणि मगच पालखी हलते. मूर्ती एकच, पण दोन्ही गावे तिला आपली म्हणतात आणि दोघांचेही म्हणणे खरे असते. लहानपणी मला वाटे, देवाचे बरे आहे. आमच्या आत्यांना मात्र असा करार कोणी करून दिला नव्हता. लग्न होऊन गेल्या त्या गेल्या. दिवाळीला चार दिवस आल्या तर आल्या, नाही तर पोस्टकार्ड.

हे सारे आठवावयास निमित्त झाले एका चित्रकर्तीचे. भारतातील मुद्राचित्रणाचा, म्हणजे पत्र्यावर कोरून कागदावर ठसा उमटविण्याच्या कलेचा, इतिहास लिहावयास बसलेल्या माणसाला त्यांचे नाव टाळता येत नाही. दिल्लीच्या राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयात त्यांची चित्रे आहेत. नाव देवयानी कृष्ण. आता हे नाव वाचून बाई कोणत्या मुलखातल्या असतील, हे कोणास सांगता येईल? पंजाबी म्हणावे तर देवयानी कशी, आणि मराठी म्हणावे तर आडनावाच्या जागी हा कृष्ण कोठला? उत्तर सोपे आहे. बाई इंदूरच्या. माहेरचे नाव जाधव. मुंबईच्या सर ज. जी. कलाशाळेत शिकल्या, पंजाबातल्या चित्रकाराशी विवाह केला, हिमालय पालथा घातला आणि पुढे तेवीस वर्षे दिल्लीच्या एका शाळेत मुलांना चित्रकला शिकविली. एवढे सगळे करूनही मराठी घरांत त्यांचे नाव कोणी घेत नाही. आपण अमृता शेरगिलचे नाव घेतो, बेंद्रे-हुसेन यांचे घेतो. पण बेंद्रे-हुसेन ज्या मास्तरांच्या हाताखालून गेले त्यांच्याच हाताखालून गेलेल्या या जाधवांच्या मुलीला आपण सासरी पाठविले आणि दार लावून घेतले.

प्रथम त्या मास्तरांविषयी. होळकरांचे इंदूर हे तेव्हा अर्धेअधिक मराठी गाव होते. कचेरीत मराठी, वाड्यांत मराठी, गणपती-हळदीकुंकू सारे आपल्याकडचे; बाहेर मात्र माळव्याची काळी माती आणि माळवी बोली. या गावात दत्तात्रय दामोदर देवळालीकर यांनी १९२७ साली चित्रकला मंदिर सुरू केले. नारायण श्रीधर बेंद्रे तेथलेच. दे. ज. जोशी, विष्णु चिंचाळकर तेथलेच. मकबूल फिदा हुसेन नावाचा मुलगाही संध्याकाळच्या वर्गाला येऊन बसे. मास्तर मुलांना रंगपेटी देऊन वर्गाबाहेर काढीत. ऊन कोठे पडते, घाटाच्या पायरीची सावली निळी का दिसते, हे पाहावयाचे आणि लगेच कागदावर उतरवावयाचे. मग मुंबईच्या परीक्षेला बसावयाचे. एका लहान संस्थानी शाळेतून इतकी मोठी नावे निघाली याचे कलापंडितांना आश्चर्य वाटते. मला त्यात एवढेच दिसते की, त्या मास्तरांनी आपल्यासारखी चित्रे काढणारे शिष्य घडविले नाहीत. बेंद्रे, हुसेन आणि चिंचाळकर यांची चित्रे शेजारी शेजारी मांडली तर गुरू एक होता असे कोणी म्हणणार नाही.

योगायोग असा की त्याच काळात त्याच गावात युरोपातले नवे वारे शिरत होते, पण राजवाड्याच्या वाटेने. यशवंतराव होळकर (दुसरे) यांनी एकार्ट मुथेसियस या तरुण जर्मन वास्तुविशारदाकडून माणिकबाग नावाचा अगदी नव्या तऱ्हेचा महाल बांधवून घेतला आणि ब्रांकुशीच्या पक्ष्यांची शिल्पे विकत घेतली. देवळालीकर मास्तरांच्या वर्गातल्या मुलांना ते पक्षी पाहावयास मिळत असतील असे मला वाटत नाही. ती मुले क्षिप्रेच्या आणि नर्मदेच्या घाटांवर बसून स्वतःचे पक्षी शोधीत होती.

देवयानी जाधव यांचा जन्म विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकातला. त्या काळी घरंदाज मुलीच्या हाती रंग असे तो रांगोळीचा. माळव्यात पितृपक्ष लागला की मुली भिंतीवर शेणाने संजा काढतात, तिला फुलांच्या पाकळ्या लावतात, रोज नवा आकार, संध्याकाळी गाणी. आपल्या भोंडल्याची ती माळव्यातली बहीणच. मुलींना चित्रे काढावयास कोणाची ना नव्हती. ना होती ती चित्रकार होण्याला. रांगोळी दुसऱ्या दिवशी झाडून टाकतात, संजा नदीत सोडतात. टिकणारे, खाली सही असलेले चित्र काढावयाचे म्हणजे आपले नाव जगात ठेवावयाचे, आणि मुलीचे नाव तर बोहल्यावर बदलावयाचे असते. मुंबईत यापूर्वी काही मुली या वाटेने गेल्या होत्या. अँजेला त्रिंदाद आणि अंबिका धुरंधर ही त्यांतली ठळक नावे. पण एकीचे वडील अंतोनियो झेवियर त्रिंदाद, दुसरीचे रावबहादुर म. वि. धुरंधर, दोघेही त्याच कलाशाळेतले नामवंत शिक्षक. त्या मुलींना घरातल्या घरात स्टुडिओ होता. इंदूरच्या मुलीला मात्र आगगाडीत बसून मुंबईस यावे लागले.

सर ज. जी. कलाशाळेत त्यांनी १९४० साली चित्रकलेची पदविका घेतली आणि पुढच्या वर्षी भित्तिचित्रणाचा खास अभ्यासक्रम पुरा केला. हा भित्तिचित्रणाचा वर्ग कॅप्टन ग्लॅडस्टन सॉलोमन या संचालकांच्या कारकिर्दीत नावारूपास आला होता. नव्या दिल्लीच्या सचिवालयाच्या भिंती रंगविण्याचे कामदेखील मुंबईच्या या विद्यार्थ्यांनी केले होते. देवयानीबाई तेथे होत्या तेव्हा सॉलोमन जाऊन चार्ल्स जेरार्ड आले होते आणि शाळेत नव्या पाश्चात्त्य चित्रकलेची चर्चा सुरू झाली होती. भित्तिचित्राचा विद्यार्थी एक गोष्ट इतरांच्या आधी शिकतो. चित्र हे आधी एक पृष्ठ असते. चुना कसा लागला आहे, गिलावा खरबरीत आहे की घोटलेला, रंग आत मुरतो की वर बसतो, हे त्याला हाताने कळते. पुढे बाईंनी जे केले त्याचे बी मला या वर्गात दिसते. अर्थात हे माझे मत, कोणी मानावे असा आग्रह नाही.

शिक्षण आटोपल्यावर त्यांनी कंवल कृष्ण यांच्याशी विवाह केला. हे गृहस्थ पश्चिम पंजाबातल्या माँटगोमेरी जिल्ह्यातले, १९१० चे जन्मलेले, कलकत्त्याच्या सरकारी कलाशाळेत शिकलेले आणि पायाला भिंगरी असलेले. १९४० च्या फेब्रुवारीत ल्हासा येथे चौदाव्या दलाई लामांचे, म्हणजे एका साडेचार वर्षांच्या मुलाचे, सिंहासनारोहण झाले. त्या प्रसंगी ब्रिटिश सरकारचे सर बेसिल गूल्ड यांचे शिष्टमंडळ तेथे गेले होते आणि त्यांच्याबरोबर चित्रकार म्हणून कंवल कृष्ण होते. सोहळ्याची त्यांनी काढलेली चित्रे आज इतिहासाची साधने झाली आहेत. एक मुंबईची शिकलेली, एक कलकत्त्याचा. त्या काळी या दोन शाळांचे विळ्याभोपळ्याएवढे सख्य होते. कलकत्तेवाले मुंबईवाल्यांना नक्कलकार म्हणत आणि मुंबईवाले त्यांना धूसर स्वप्ने रंगविणारे म्हणत. या जोडप्याच्या घरी तो वाद कसा मिटला असेल कोण जाणे. मिटला खरा, कारण दोघांनी आयुष्यभर एकाच छपराखाली काम केले आणि दोघांची कामे वेगळी ओळखू येतात.

१९४९ ते १९५२ ही वर्षे त्यांची सिक्कीम आणि तिबेटच्या बाजूस गेली. आज गंगटोकला मोटार जाते आणि नथू ला पाहून माणसे संध्याकाळी हॉटेलात परत येतात. तेव्हा वाट खेचरांची होती. खिंडी चौदा हजार फुटांच्या वर. त्या उंचीवर हिवाळ्यात पाण्याचे रंग वाळण्याआधी कागदावर गोठतात, बोटे आखडतात. कंवल कृष्ण यांनी तेथे बर्फाची शिखरे, ढग, धुके रंगविले. त्यांचे जलरंग त्यासाठीच नावाजले. देवयानीबाईंचे लक्ष दुसरीकडे गेले. त्यांनी मुखवटे रंगविले.

तिबेटी मठांत 'छम' नावाचे नृत्य असते. नवे वर्ष लागण्यापूर्वी, सरत्या वर्षाची इडापिडा घालविण्यासाठी, भिक्षू मुखवटे चढवून मठाच्या अंगणात नाचतात. मुखवटे कोठे लाकडाचे, कोठे चिंध्या आणि खळ यांचे थर देऊन केलेले, माणसाच्या डोक्याच्या दीडपट-दुप्पट. महाकालाचा निळाकाळा, वटारलेले तीन डोळे, बाहेर आलेले सुळे, कपाळावर पाच कवट्यांचा मुकुट. हरणाचा शिंगांचा मुखवटा वेगळा, सांगाड्यांचा वेगळा. लांब शिंगे फुंकली जातात, झांजा वाजतात आणि ते प्रचंड तोंड एका पायावर गर्रकन् वळते. बाहेरच्या माणसाला हे भुतांचे नृत्य वाटते. वास्तविक ती भीती घालणारी तोंडे रक्षण करणाऱ्या देवांची. आपल्याकडे जव्हार-मोखाड्याचा बोहाडा ज्यांनी पाहिला असेल त्यांना हे समजावून सांगावे लागणार नाही. तेथेही मुखवटा एकदा चढला की आतला शेतकरी उरत नाही, लोक त्याला हात जोडतात, आणि कोणते सोंग कोणत्या घराने घ्यावयाचे हे पिढ्यान्पिढ्या ठरलेले असते.

ज्या वेळी बाई ही तोंडे रंगवीत होत्या तो काळही पाहिला पाहिजे. १९५० च्या ऑक्टोबरात चिनी फौजा तिबेटात शिरल्या, १९५१ च्या मे महिन्यात करारावर सह्या झाल्या, आणि १९५९ साली तो सिंहासनावर बसविलेला मुलगा, आता तेवीस वर्षांचा तरुण, भारतात आश्रयास आला. पुढच्या काळात तिबेटातले मठ मोठ्या संख्येने उद्ध्वस्त झाले. चित्रकाराला हे आधी कळत नसते. समोर दिसते ते तो काढतो. पण इतिहास लिहिणाऱ्याने हे नोंदवून ठेवावे की, जग बंद होण्याच्या उंबरठ्यावर एक मराठी बाई तेथे रंग घेऊन बसली होती.

इकडे कंवल कृष्ण यांचा जिल्हा १९४७ सालीच पाकिस्तानात गेला होता. फाळणीने लाहोरचे कितीतरी चित्रकार दिल्लीला येऊन पडले. भवेश सान्याल, धनराज भगत, प्राणनाथ मागो अशा मंडळींनी १९४९ साली 'दिल्ली शिल्पी चक्र' स्थापन केले. त्या संस्थापकांत कंवल कृष्ण होते, आणि आपले बेळगावचे के. एस. कुलकर्णीही होते. दिल्ली तेव्हा कलेची राजधानी नव्हती. निर्वासितांच्या छावण्या, नवी सरकारी दालने, आणि चित्र विकत घेणारा क्वचित एखादा वकिलातीतला साहेब. चित्रावर पोट भरणे शक्यच नव्हते. म्हणून शाळा आली.

ती शाळा बाराखंबा रस्त्यावरचे मॉडर्न स्कूल. लाला रघुबीर सिंह यांनी १९२० साली काढलेली. तिच्या पहिल्या मुख्याध्यापिका कमला बोस या होत्या, ही गोष्ट त्या काळाच्या मानाने ध्यानात ठेवण्याजोगी. येथे देवयानीबाई १९५४ साली रुजू झाल्या आणि १९७७ पर्यंत राहिल्या. कंवल कृष्णही तेथेच शिकवीत.

चित्रकलेच्या शिक्षकाचे जिणे कसे असते हे आपल्यापैकी प्रत्येकाने बाकावरून पाहिलेले आहे. आमच्या शाळेत चित्रकलेचा तास शेवटून दुसरा असे, आणि परीक्षा जवळ आली की तो गणिताचे मास्तर खुशाल उचलून नेत. चित्रकलेच्या मास्तरांनी फळ्यावर लोटी आणि केळे काढावयाचे, आम्ही ते उतरवून घ्यावयाचे, खोडरबराने कागदाला भोक पाडावयाचे. एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या परीक्षांच्या नावाने स्थिरचित्र, संकल्पचित्र, स्मरणचित्र हे शब्द मात्र गावोगाव पोहोचले. हैद्राबाद संस्थान १९४८ साली मोडून पुढे मराठवाडा मुंबई राज्यात आल्यावर आमच्याकडेही ती परीक्षा देणारी मुले निघाली. त्यांतले किती चित्रकार झाले? जवळजवळ कोणी नाही. पण घराला कोणता रंग लावावा, लग्नाच्या मांडवात अक्षर कसे असावे, हे गावात तीच माणसे सांगतात. शिक्षकाचे काम असे पसरते आणि त्याखाली सही नसते. देवयानीबाईंच्या तेवीस वर्षांत त्यांच्या वर्गातून गेलेली मुले पुढे डॉक्टर झाली असतील, अंमलदार झाली असतील, व्यापारात पडली असतील. त्यांनी काढलेले कागद रद्दीत गेले. संग्रहालयात त्या तेवीस वर्षांचा नमुना म्हणून ठेवता येईल असे काही नाही. आणि म्हणूनच स्त्री कलावंताच्या चरित्रात 'अध्यापन केले' हे दोन शब्द लिहून चरित्रकार पुढे सरकतो.

बाईंचा दुसरा नाद खेळण्यांचा. भारतातील खेळणी आणि लोककलेतले आकार यांचा त्यांनी अभ्यास केला. दिवाळीच्या अंकात हे विशेष सांगावेसे वाटते, कारण या दिवसांत आपल्या अंगणात किल्ला उभा असतो आणि त्यावर मातीचा मावळा, मातीची गवळण आणि किल्ल्याहून मोठा वाघ. कुंभाराच्या हातच्या त्या गवळणीला नाक म्हणजे एक चिमटा आणि डोळा म्हणजे एक ठिपका. पण ती गवळण आहे यात पोरालाही शंका येत नाही. कमीत कमी खुणांत पुरती वस्तू उभी करणे, हे कलाशाळेत पाच वर्षे घालवून पुष्कळांना साधत नाही. खेळणी करणाराचे नाव कोणी विचारीत नाही ही गोष्ट बाईंच्या मनात आली असेल काय, ते मला सांगता येणार नाही. माझ्या मात्र आली.

बाटीक हे त्यांचे आणखी एक अंग. रवींद्रनाथ १९२७ साली जावा बेटाकडे गेले आणि त्यानंतर ही कला शांतिनिकेतनात रुजली. कापडावर वितळलेल्या मेणाने आकृती काढावयाची, कापड रंगात बुडवावयाचे, मेण असेल तेथे रंग चढत नाही. मग मेण काढून पुन्हा दुसऱ्या जागी लावावयाचे, पुन्हा बुडवावयाचे. मेणाला तडे जातात आणि त्या तड्यांतून रंगाच्या बारीक शिरा झिरपतात. त्या शिरा आपल्या ताब्यात नसतात. ज्याला सगळे ताब्यात हवे असते त्याने बाटीकच्या वाटेला जाऊ नये.

आणि आता मुद्राचित्रण. हा विषय थोडा समजून घेतल्यावाचून बाईंची खरी थोरवी कळणार नाही, म्हणून वाचकांनी धीर धरावा.

छापील चित्र म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे लक्ष्मीपूजनाच्या पाटावरची राजा रविवर्म्याची लक्ष्मी येते. तो कारखान्यातला छाप. एका चित्राच्या हजारो प्रती. मुद्राचित्राचे तसे नाही. तेथे चित्रकार स्वतःच पत्रा तयार करतो आणि स्वतःच ठसा उमटवितो. तांब्याचा किंवा जस्ताचा पत्रा घ्यावयाचा, त्यावर मेण-डांबराचा पातळ लेप द्यावयाचा. लेपावर सुईने रेघ ओढली की तेवढा धातू उघडा पडतो. मग पत्रा तेजाबात ठेवावयाचा. तेजाब उघड्या जागी धातू खाते. थोडा वेळ ठेवला तर फिकी रेघ, जास्त ठेवला तर खोल आणि काळी. लेप काढून पत्र्यावर शाई चोपडावयाची आणि कापडाने पुसून घ्यावयाची. वरची शाई निघते, खाचांतली राहते. त्यावर ओला कागद, त्यावर जाड लोकरीचे कापड, आणि सगळे दोन रुळांमधून, उसाच्या चरकासारखे, दाबून काढावयाचे. कागद खाचांत शिरतो आणि शाई उचलतो. अशा दहा-वीस प्रती निघतात. प्रत्येकीवर शिसपेनने क्रमांक आणि सही. हे काम नाजूक खरे, पण बोटांना तेजाब लागते, डोळे चुरचुरतात, रूळ फिरवून खांदे दुखतात. बाईमाणसाचे काम नव्हे असे म्हणणारे तेव्हा पुष्कळ असतील. बाईमाणसाने जात्यावर दळले तर मात्र कोणाची तक्रार नसते.

पॅरिसमध्ये विल्यम हेटर या इंग्रज कलावंताची 'अतेलिए १७' नावाची कार्यशाळा होती. जगभरचे चित्रकार तेथे ही विद्या शिकावयास येत. युरोपच्या प्रवासात कंवल कृष्ण यांनी तेथे धडे घेतले आणि परत आल्यावर पतिपत्नींनी दिल्लीत घरीच दाबयंत्र बसविले. एकाच पत्र्यावरून अनेक रंगांचे ठसे काढण्याची तऱ्हा त्यांनी या देशात फार लवकर हाताळली. यातले तत्त्व आपल्या स्वयंपाकघरातले आहे. तेल अधिक घातलेली पातळ शाई आणि तेल कमी असलेली चिकट शाई एकमेकींत मिसळत नाहीत. मऊ रूळ खोल खाचेत पोहोचतो, कठीण रूळ वरच्यावर फिरतो. हे जमवून आणले की एकाच दाबात तीन-चार रंग उमटतात. आपले कृष्णा रेड्डी पॅरिसला याच विद्येसाठी जगप्रसिद्ध झाले.

पुस्तकांतून कंवल कृष्ण यांचे नाव आधी येते आणि मागून 'आणि त्यांच्या पत्नी' असे येते. यंत्र घरात आले ते नवऱ्याच्या प्रवासामुळे, हे कबूल. पण यंत्र काही चित्र काढीत नाही. देवयानीबाईंच्या मुद्राचित्रांत कागदाचा उठाव जाड आणि स्पर्शाला बोलावणारा असतो, आकार साधे आणि ठाम असतात. भिंत, मुखवटा, खेळणे आणि मेणाचा तडा या चारही गोष्टी त्यात मुरलेल्या मला दिसतात. हे नवऱ्याकडून आलेले धन नव्हे. कंवल कृष्ण यांची नजर दूरच्या शिखराकडे लागलेली. बाईंची हाताखालच्या पृष्ठावर. दोन माणसे एकाच चुलीवर रांधतात म्हणून एकीला दुसऱ्याची मदतनीस म्हणावे काय?

त्यांच्या चित्रमालिकांत दोन मालिका विशेष गाजल्या. एक 'अल्ला' या अक्षरांची, एक 'ॐ'ची. फाळणीत ज्याचे गाव गेले त्या माणसाच्या घरात बसून एका बाईने ही दोन अक्षरे पत्र्यावर कोरावी, याचा अर्थ ज्याचा त्याने लावावा. मला येथे कारागिरीतली एक गोष्ट सांगावयाची आहे. पत्र्यावर जे काढाल त्याचा ठसा उलटा उमटतो. म्हणून अक्षर कागदावर सुलट यावयास हवे असेल तर पत्र्यावर उलटे काढावे लागते. अरबी लिपी उजवीकडून डावीकडे जाते; पत्र्यावर ती डावीकडून उजवीकडे, म्हणजे आपल्या देवनागरीच्या दिशेने, लिहावी लागते. आणि ॐ मात्र उजवीकडून डावीकडे.

नळदुर्गच्या माणसाला या दोन अक्षरांच्या शेजाराचे नवल वाटत नाही. आमच्या किल्ल्यात बोरी नदी अडवून बांधलेला पाणीमहाल आहे. इब्राहिम आदिलशहाच्या अमदानीत, १६१३ साली बांधलेला. पावसाळ्यात नर-मादी धबधबे कोसळू लागले की भिंतीच्या पोटातल्या सज्जात बसून पाण्याचा पडदा पाहावा. तेथे फारसी लेख कोरलेला आहे. लहानपणी आम्ही त्या अक्षरांवरून बोट फिरवीत असू. अर्थ कळत नसे. वेलबुट्टी म्हणूनच ती आम्हांस आवडत. तीच मुले पौषात खंडोबाचा भंडारा उधळीत. देवयानीबाईंची 'अल्ला' मालिका पाहताना मला त्या दगडाचा गारवा आठवतो. अक्षर वाचता आले नाही तरी ते बोटाला कळते, असा काहीसा तो अनुभव आहे.

मराठी मुलखात त्यांचे नाव रुजले नाही याचा दोष कोणाला द्यावा? काही कारणे साधी आहेत. त्या मुंबईत राहिल्या नाहीत, आणि मराठी कलासमीक्षा बव्हंशी मुंबई-पुण्याच्या प्रदर्शनांवर पोसली. मुद्राचित्राला आपण पुष्कळ काळ चित्र मानलेच नाही. छाप म्हणजे स्वस्त, ही समजूत. शाळेतली नोकरी म्हणजे हौशी कलावंत, ही दुसरी. आणि नाव. भानुमती राजोपाध्ये कोल्हापूरची, हे भानू अथय्यांना ऑस्कर मिळाल्यावर आपण १९८३ साली मोठ्याने सांगितले. बक्षीस एवढे मोठे असले म्हणजे माहेर आठवते. देवयानीबाईंना असे गाजावाजाचे बक्षीस मिळाले नाही, म्हणून जाधव हे आडनाव कोशातल्या एका ओळीत राहिले.

१९७७ साली त्यांनी शाळा सोडली. घरचे काम चालू होते. १९९३ साली कंवल कृष्ण गेले. २००० साली देवयानीबाई गेल्या. त्याच वर्षी इंदुरास विष्णु चिंचाळकरही गेले. देवळालीकर मास्तरांचीच ही दोन मुले. चिंचाळकर गुरुजी माळव्यातच राहिले, वाळकी पाने, काटक्या, फुटक्या वस्तू यांतून चित्रे करीत आणि पोरांकडून करून घेत. इंदुरात त्यांचे नाव काढले की अजून कोणी तरी सांगते, आमच्या घरी त्यांनी केलेला एक पक्षी आहे.